साठ हजारांत साठ फ्रेम

सुरतेत घरात नवी वस्तू आली की ती कशी आहे असं कोणी विचारत नाही. 'केटलामां पडी?' एवढंच विचारतात. तुम्ही आकडा सांगता. समोरचा क्षणभर गप्प राहतो, चेहऱ्यावर थोडी कीव आणतो आणि म्हणतो, 'अरे, मने पूछवुं हतुं ने!' म्हणजे त्याला विचारलं असतं तर तीच वस्तू हजार-दीड हजारांनी स्वस्त पडली असती. फ्रीज असो, फ्लॅट असो की जावई, नियम एकच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीत बसून आलेली आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्यात मुरलेली आमची खानदेशी मंडळी अजून शेवभाजी आपलीच खातात, घरात अहिराणी बोलतात, पण हा प्रश्न मात्र अस्सल सुरती ढंगात विचारतात.

अशा गावात बारावी झालेल्या माझ्या भाच्याने साठ हजारांत गेम खेळण्याजोगा कॉम्प्युटर बसवायचं मनावर घेतलं.

अर्थात 'गेम खेळायला कॉम्प्युटर हवा' असं आजवर कुठल्याच मुलाने आईला सांगितलेलं नाही. कारण शिक्षणाचंच असावं लागतं, आणि या बाबतीत सुरतेइतकं सोयीचं गाव नाही. इथे हिरा घासण्याआधी सरीनच्या मशीनवर तो कच्चा खडा स्कॅन होतो आणि कुठून कापला तर किती कॅरट हाती लागेल ते कॉम्प्युटर सांगतो. एम्ब्रॉयडरीची डिझाइनं विलकॉमवर बनतात. साडीच्या कॅटलॉगातली नटी एकदाच उभी राहते आणि फोटोशॉपवाला तिला बारा रंगांच्या साड्या नेसवतो. त्यामुळे 'मला डिझाइनिंग शिकायचंय' हे वाक्य लिंबायतच्या कुठल्याही घरात नाकारलं जाऊ शकत नाही. फक्त डिझाइनिंग शिकायला मॉनिटर 100 हर्ट्झचा कशाला लागतो, हे विचारणारं घरात कोणी नव्हतं.

ताईला मात्र संशय होता. 2019च्या मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजीवर बंदी घालून मोबाइलवर खेळत बसलेली पोरं उचलली होती, ती बातमी तिच्या मनात पक्की बसलेली. पुढे 2020च्या सप्टेंबरात केंद्र सरकारनेच पबजी बंद केला तेव्हा तिला आपलं म्हणणं दिल्लीपर्यंत पोचल्याचा आनंद झाला होता. वर्षाच्या आत तोच खेळ नाव बदलून परत आला, हे भाच्याने तिला सांगितलेलं नाही. उलट 2023च्या हांगचौ एशियन गेम्समध्ये ई-स्पोर्ट्सला पदकं होती, ही माहिती मात्र त्याने जेवताना तीनदा दिली.

पैशांची जुळणी घरातलीच. ताई बायकांच्या एका गटाबरोबर साड्यांना स्टोन चिकटवण्याचं आणि लेस लावण्याचं काम घरी करते. त्यातले साठवलेले काही. बाकीचे भाऊजींचे. भाऊजी रिंग रोडच्या टेक्स्टाइल मार्केटात दलाली करतात. कापड दोन बोटांत धरून, दुसरीकडे बघत, हे 60 ग्रामचं जॉर्जेट की वेटलेस ते सांगतात. या माणसाच्या हातून पैसे सुटायचे तर आधी त्याला माल समजला पाहिजे.

भाच्याची पहिली यादी मी पाहिली आहे. तिच्यात आय-7 प्रोसेसर होता, काचेचं कॅबिनेट होतं, रंग बदलणारे सहा पंखे होते, प्रोसेसर थंड ठेवायला पाण्याची नळी होती, 850 वॅटचा पॉवर सप्लाय होता. हे सगळं होऊन उरलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड होतं 2019 सालचं, 4 जीबीचं, जीटीएक्स 1650. म्हणजे ज्याने चित्र काढायचं त्याच्या वाट्याला उरलंसुरलं, आणि शोभेच्या मंडळींचा मान पहिल्या पंक्तीला.

पण यात भाच्याचा दोष नाही. बजेट कॉम्प्युटरचं दुखणंच हे आहे की त्यातलं जे कामाचं ते दिसत नाही आणि जे दिसतं ते कामाचं नसतं. घरी आलेल्या मित्राला रॅमचा वेग कसा दाखवणार? पंखे दाखवता येतात. आय-7चं स्टिकर दाखवता येतं. या स्टिकरने तर देशात धुमाकूळ घातला आहे. आय-7 पहिल्यांदा बाजारात आला 2008च्या नोव्हेंबरात. त्यानंतर तो कोणत्या पिढीचा हे सांगितल्याशिवाय 'आय-7 आहे' या बोलण्याला 'मुलगा पाटील आहे' एवढाच अर्थ उरतो. कुठल्या तरी ऑफिसातून भंगारात निघालेला 2013चा चौथ्या पिढीचा आय-7 आतून पुसून, बाहेर दोन दिवे लावून 'गेमिंग पीसी' म्हणून विकणारी दुकानं गावोगाव आहेत. 2022चा साधा आय-3 12100 त्याला सहज मागे टाकतो. पण आय-3 घेतला असं सोसायटीत सांगायला मन धजत नाही.

यादी भाऊजींसमोर आली. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "यातलं चित्र कोण काढतं?"

भाच्याने ग्राफिक्स कार्डावर बोट ठेवलं. मग त्याने समजावलं ते मात्र चोख होतं. पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके, म्हणजे एका चित्रात 20 लाख 73 हजार 600. असं चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचं. भाऊजींनी गुणाकार तोंडी केला: सेकंदाला 12 कोटी 44 लाख 16 हजार ठिपके. ते थोडा वेळ गप्प बसले. एवढं काम एका सेकंदात करणारा कारागीर आणि त्यालाच यादीत सगळ्यात कमी मजुरी, हे त्यांना दलाल म्हणून पटेना.

"आणि हा प्रोसेसर काय करतो?"

"तो प्रत्येक फ्रेमची ऑर्डर काढतो, पप्पा. गाडी कुठे आहे, माणूस कुठे पळतोय, गोळी कुणाला लागली. ऑर्डर निघाली की कार्ड रंगवतं."

"ऑर्डर हळू निघाली तर?"

"कार्ड बसून राहतं."

"आणि कार्ड हळू असलं तर ऑर्डरी पडून राहतात." भाऊजींनी यादी खाली ठेवली. "म्हणजे ग्रे कापडाचे ताके तयार आहेत, एम्ब्रॉयडरीवाला मशीन लावून बसलाय, आणि माल मिलमध्ये डाइंगला अडकलाय. साडी मिलच्याच चालीने निघणार. मग लूम दुप्पट लावून फायदा काय? आधी मिल बघ."

यूट्यूबवर या विषयाचे तासतासभराचे व्हिडिओ आहेत. त्यांत आलेख असतात, लाल बाण असतात, तोंडाचा आ केलेले चेहरे असतात. सुरतेच्या कापड मार्केटातला माणूस मात्र हे रोज जगतो. त्याला बॉटलनेक शिकवावा लागत नाही. दुसऱ्या यादीत आय-7 गेला, पाण्याची नळी गेली, चार पंखे गेले. रायझन 5 5600 आला: सहा कोअर, दिमाख नाही, तक्रार नाही. आणि बजेटच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रक्कम एकट्या ग्राफिक्स कार्डाच्या नावे पडली. आरएक्स 6600, 8 जीबी. 2021च्या ऑक्टोबरात आलेलं, म्हणजे फॅशनच्या हिशेबाने जुनं, पण 1080च्या पडद्यासाठी पोटभर.

मधल्या काळात सल्लागार येऊन गेले. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका काकांचं मत लॅपटॉप घ्यावा, कारण त्यांच्या भावाच्या मुलाने लॅपटॉप घेतला आणि तो कॅनडाला गेला. भाच्याला स्वतःला मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात घासाघीस करायची होती. पहाटे फ्लाइंग राणी पकडायची, मुंबई सेंट्रलला उतरायचं, चालत जायचं, संध्याकाळी त्याच गाडीने परत. भाऊजींनी तिकीट, वडापाव, मोबाइल चोरीला जाण्याची शक्यता आणि 'कार्ड बिघडलं तर पुन्हा कोण जाणार' हे सगळं धरून मुंबई महाग ठरवली.

एकजण वापरलेलं कार्ड घेऊन आला. आरएक्स 580, निम्म्याहून कमी पैशांत. 2022च्या 15 सप्टेंबरला इथेरियम या डिजिटल नाण्याने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते नाणं काढण्याचा धंदा एका रात्रीत बसला. रात्रंदिवस राबलेली कार्डं तेव्हापासून बाजारात 'घरगुती वापर, फक्त मुलगा अभ्यास करायचा' अशा ओळखीने फिरतात. घरगुती वापराच्या कार्डाचे पंखे इतके झिजलेले नसतात. त्यात भाच्याने आणखी एक खोच काढली: हे 580 चीनकडच्या उपप्रकारातलं होतं. नाव तेच, पण आत 2304ऐवजी 2048 शेडर. भाऊजींनी शेडर म्हणजे काय ते विचारलंच नाही. "साडेपाच मीटर लिहून पाच मीटर दिलंय," ते म्हणाले आणि पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावलं.

खरेदीला आम्ही तिघं गेलो. कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावरचं दुकान, दाराशी खोक्यांची रास, आत एसीचा गारवा आणि काउंटरवर बसलेला पंचविशीतला मुलगा. आम्हाला पाहताच त्याने ओळखलं. "बोलो भाऊ!" सुरतेत मराठी माणूस दारात उभा राहण्याच्या ढंगावरूनच कळतो.

त्याने यादी वाचली आणि त्याचा चेहरा पडला. यादी बरोबर असली की दुकानदाराचा चेहरा पडतो, ही मी जगात सर्वत्र पाहिलेली गोष्ट आहे. तरी त्याने प्रयत्न सोडला नाही. एका बाजूने पूर्ण काच, पुढूनही काच आणि आत इंद्रधनुष्य फिरणारं कॅबिनेट त्याने आमच्याकडे वळवलं. "लाइटवाळुं लई जाओ ने, छोकरो खुश थई जशे." छोकरा खरोखर खुश दिसत होता. भाच्याचं सगळं ज्ञान त्या दिव्यांपुढे हळूहळू विरघळत असलेलं मला दिसत होतं. त्याने आईला फोटो पाठवला.

ताईचा फोन लगेच आला. स्पीकरवरच होता. "कापड हलकं असलं की स्टोन जास्त लावायला सांगतात रे आम्हाला," ती म्हणाली. "आतलं बघ."

कॉम्प्युटर या विषयावर यापेक्षा नेमकं मी कुठे ऐकलेलं नाही. पुढून काच म्हणजे हवा आत यायची वाट बंद. पंखे सहा असले तरी ते आपलीच गरम हवा एकमेकांना वाढणार. आम्ही समोर जाळी असलेलं, दिव्यांच्या बाबतीत विरक्त असं कॅबिनेट घेतलं. दुकानदाराने ते अशा हाताने उचललं की जणू आम्ही श्राद्धाचं सामान घेतोय.

मग आला पॉवर सप्लाय, आणि दलाल रंगात आला. कॅबिनेटबरोबर एक फुकट मिळत होता. वर मोठ्या अक्षरात 500 वॅट. शेजारी दुसरा, 550 वॅटचा, 80 प्लस ब्रॉन्झचा, चार हजारांच्या घरात. पन्नास वॅटसाठी चार हजार? भाऊजींनी भुवया उंचावल्या. भाच्याने हिशेब मांडला की प्रोसेसर 65 वॅटचा, कार्ड 132 वॅटचं, बाकी सगळं धरून अडीचशेच्या आसपास जाईल. तेव्हा वॅट दोन्हींत भरपूर आहेत, प्रश्न लिहिलेले वॅट खरे किती याचा आहे. भाऊजींनी एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा घेतला. नजर दुकानाच्या घड्याळाकडे. दोन क्षण हात खालीवर केले. मग फुकटवाला काउंटरवर ठेवला.

"वेटलेस आहे."

दुकानदार हसला आणि त्याने तो मुकाट्याने खाली सरकवला. वजन हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे. पण स्वस्त सप्लायमधून पहिल्यांदा जे वगळतात ते तांबं आणि जाड कपॅसिटरच असतात, त्यामुळे हाताचा अंदाज अनेकदा बरोबर येतो. वीज साठहजारी सामानाला याच डब्यातून जाणार. हा गेला तर एकटा जात नाही, शेजाऱ्यांना घेऊन जातो.

रॅमपाशी थोडा वाद झाला. दुकानदाराला 16 जीबीची एक स्टिक द्यायची होती. भाच्याला 8-8च्या दोन हव्या होत्या. दोन असल्या की प्रोसेसरला माल दोन रस्त्यांनी मिळतो. किमतीत फरक किरकोळ, वेगात चांगला जाणवण्यासारखा. "चालशे ने, एक ज छे, पछी बीजी नाखजो," दुकानदार म्हणाला. पछी, म्हणजे नंतर, ही आमच्या घरात कधीच न उजाडणारी वेळ असल्याने दोन घेतल्या.

शेवटी बिल. "भाऊ, पाकुं के काचुं?" पक्कं की कच्चं? कच्च्यात अठरा टक्के जीएसटी वाचतो. भाऊजी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "पक्कं. सीरियल नंबर टाकून." 2017च्या जुलैमध्ये सुरतेच्या कापड बाजाराने जीएसटीविरुद्ध आठवडे-आठवडे बंद पाळला होता, त्या बंदात भाऊजी घोषणा देत फिरले होते. पण तो कर आपण भरण्याचा प्रश्न होता, इथे वॉरंटी आपल्याला घ्यायची होती. पैसे देताना मात्र त्यांना राहवलं नाही. "नव्वद दिवसांनी पेमेंट चालेल?" दुकानदाराने क्यूआर कोडची पाटी पुढे केली.

घरी आल्यावर जोडणी. खोली मोकळी केली, साड्यांचे गठ्ठे पलंगाखाली गेले. भाऊजींच्या आई अमळनेरकडच्या. त्या दाराशी मोडा टाकून बसल्या. "हाई काय शे रे भो?" त्या प्रत्येक खोक्याला विचारत होत्या. प्रोसेसर बसला, त्यावर पेस्टचा ठिपका पडला, कूलर आवळला गेला. ताईने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं. हळद पुढच्या जाळीतून आत जाऊ नये म्हणून भाचा हात आडवा धरून उभा होता, आणि त्या क्षणी तो जगातल्या सर्व बापांसारखा दिसत होता.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. 'नो सिग्नल.'

अशा वेळी घरात जी शांतता पसरते तिच्यात पक्क्या बिलाची घडी उघडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. भाऊजी सीरियल नंबर शोधू लागले. भाचा मागे वाकला, केबल मदरबोर्डाच्या भोकातून काढून खाली ग्राफिक्स कार्डाच्या भोकात घातली आणि चित्र आलं. 5600मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाहीच, त्यामुळे चूक लगेच कळली. डिंडोलीतल्या त्याच्या एका मित्राच्या प्रोसेसरात ते आहे. तो बिचारा महागडं कार्ड घेऊन, केबल मदरबोर्डालाच लावून बरेच महिने खेळत होता, आणि 'कार्डात दम नाही' असं सगळ्यांना सांगत होता. त्याचं कार्ड तेवढा काळ पगारी रजेवर होतं.

पैसे देऊन घेतलेली अर्धी ताकद अशीच फुकट जाते, आणि ती परत मिळवायला एक रुपया लागत नाही. 3200च्या वेगाची रॅम घेतली तरी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी सुरू करेपर्यंत ती बहुधा 2400 वगैरेवर रेंगाळते. 100 हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये सांगेपर्यंत 60वरच असतो, 144वाल्यांचंही तेच. हे न बघणारे लोक मग आणखी महाग कार्ड घेतात. दुकानदार त्यांना लाइटवालं कॅबिनेटही देतो.

खेळ लावला तो जीटीए 5. पीसीवर 2015 सालीच आलेला, तरी अजून पोरांचा पहिला मुजरा त्यालाच. भाच्याने हौसेने सगळे पर्याय शेवटच्या टोकाला नेले आणि गावाबाहेरच्या डोंगरात गाडी नेताच कॉम्प्युटरने दम टाकला. शहरात शंभरच्या वर असलेला आकडा धापा टाकत खाली. कारण गवत. या खेळात गवताची एक वेगळी सेटिंग आहे. ती अल्ट्राला नेली की प्रत्येक पातं वेगळं रंगवलं जातं, त्याची सावली पडते. भाच्याने ती दोन पायऱ्या खाली आणली आणि गाडी सुटली. 'काय केलंस?' असं भाऊजींनी विचारल्यावर तो म्हणाला, "गवत कमी केलं."

आजींनी मोड्यावरून मान उंचावली. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात कंबर मोडलेली बाई. "तठे बी निंदणीच का रे भो?"

अल्ट्रा आणि हाय यांच्यातला फरक थांबून भिंगातून पाहिला तर दिसतो. पण मागे पोलिस लागलेले असताना सावलीची कड किती मऊ आहे ते कोण बघणार? सावल्या, प्रतिबिंबं, गवत, कडा गुळगुळीत करायचा एमएसएए: या चौघांना आवर घातला की मधल्या किमतीचं कार्ड श्रीमंतासारखं वागतं. त्याउपर एएमडीचं एफएसआर आहेच, छोटं चित्र काढून मोठं करून दाखवणारं. त्याच्या आधीच्या आवृत्त्या तरी कंपनीने आपल्या कार्डापुरत्या ठेवल्या नाहीत, इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात, हा या धंद्यात दुर्मीळ असा उदारपणा.

मग सुरतेची खास अडचण. आमच्या गल्लीत खाली लूमची खाती आहेत. दिवसरात्र खटखट चालते. तिची सवय होते, पण हवेतल्या पॉलिस्टरच्या बारीक तंतूंची कॉम्प्युटरला होत नाही. जाळीच्या कॅबिनेटवर पंधरा दिवसांत करडी लव उगवते. त्यात मे महिना, तापीकाठची दमट हवा. गरम झालेला प्रोसेसर किंवा कार्ड जळत नाही, तो शहाणा असतो. गपचूप वेग कमी करतो आणि आपल्याला वाटतं गेमच खराब. भाच्याने ब्लोअर आणला आहे. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं आणि मग हवा मारायची, नाहीतर पंखा उलटा भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लावतो. दर रविवारी हा विधी गॅलरीत होतो. खालून लूमवाल्या भाईची हाक येते, 'ए भाऊ, कचरो!' कचरा त्याच्याच खात्यातला असतो.

रात्री व्हॅलोरंट. खेळाचा सर्व्हर मुंबईत. गोळी झाडल्याची खबर तिथे जाऊन परत यायला दहा-वीस मिलिसेकंद लागतात, फ्लाइंग राणीला एका बाजूचेच चार तासांच्या वर. हेडफोनवर कोण कुठला असतो कळत नाही. पांडेसऱ्याचा ओडिया मुलगा, वराछाचा काठियावाडी, कोणीतरी तेलुगू, आणि आमचा. महापालिकेच्या शाळा इतक्या सगळ्या माध्यमांत आहेत, पण एकमेकांच्या भाषा पोरं शिकली ती इथे. शिकण्याची सुरुवात ज्या शब्दांपासून झाली ते ताईला कळत नाहीत हे बरं. 2025च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमवर कायदा आल्याची बातमी वाचून तिने वायर काढायला हात घातला होता; बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांना आहे, ई-स्पोर्ट्सला उलट प्रोत्साहन आहे, हे भाच्याने तिला कायद्याच्या नावानिशी समजावलं. बारावीला इतका अभ्यास त्याने केला नव्हता.

विलकॉम अजून उघडलेलं नाही. आहे ते डेस्कटॉपवर, पाहुण्यांना दिसेल असं.

आता सगळं सुरळीत असताना 2025 संपता संपता रॅमचे भाव पेटले. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरेना, म्हणून बनवणाऱ्या मोजक्या कंपन्या तिकडे वळल्या. मायक्रॉनने तर डिसेंबरात आपला क्रूशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मे महिन्यात तीनेक हजारांना आणलेल्या दोन स्टिकांचा भाव दुपटीच्या वर गेला. दुकानदाराने भाऊजींना सहज म्हणून फोनवर हे सांगितलं, आणि तीच चूक झाली.

त्या रात्री भाऊजी ज्या नजरेने कॅबिनेटच्या जाळीतून आत पाहत होते, ती नजर मी मार्केटात ओळखतो. तेजीत माल अंगावर ठेवून बसणं हे त्यांच्या रक्तात नाही.

"एक काढून टाक," ते म्हणाले. "भाव आहे तोवर."

"पप्पा! सिंगल चॅनल होईल. फ्रेम पडतील."

"पडू दे थोड्या. भाव उतरला की पुन्हा घे. मधला फरक तुझा."

भाच्याने फरकाचा क्षणभर विचार केला, हे मला दिसलं. शेवटी मुलगा सुरतेत वाढलेला. मग त्याने मान हलवली. भाऊजी हल्ली सकाळी यार्नचा भाव बघून झाला की डीडीआर-4चा बघतात आणि चहा घेता घेता मोठ्याने वाचतात. घरातला स्क्रू ड्रायव्हर तेव्हापासून सापडत नाही.